आधी मैफल, मग माइक

पत्र

सप्रेम नमस्कार.

मी मूळची सांगलीची, आता बरीच वर्षं मँचेस्टरला आहे. ट्रॉम्बोन, म्हणजे सरकत्या नळीचं पितळी वाद्य, वाजवते. वडील लग्नाच्या बँडमध्ये युफोनियम हे मोठं पितळी वाद्य वाजवायचे, मी फुंकायला शिकले ती त्यांच्याच वाद्यावर. ऑर्केस्ट्रांची सुटी कामं आणि दोन शाळांतली शिकवणी यावर घर चालतं. आता स्वतःचा पहिला अल्बम करायचाय : ट्रॉम्बोन आणि पियानो, सगळ्या रचना नव्याने लिहून घेतलेल्या. पाच संगीतकारांना काम दिलं. तीन रचना आल्या, दोन यायच्या आहेत. ध्वनिमुद्रणासाठी नोव्हेंबरमध्ये तीन दिवस एक चर्च घेतलंय, अनामतही भरली.

एक रचना जवळच्या मित्राची आहे. त्यात साडेतीन मिनिटं सलग वाजवायचं, मधे विश्रांती नाही, आणि कप म्यूट (आवाज दबवायचं बूच) लावायला एक ठोका दिलाय. खरं सांगायचं तर ती मला आवडलीही नाही. त्याच्याशी लेखी काहीच झालेलं नाही. दुसऱ्या एका इंग्रज संगीतकाराने ‘तू भारतीय आहेस म्हणून’ यमनवर रचना केली आणि षड्जापासून पंचमापर्यंत अखंड मींड लिहिली. ट्रॉम्बोनवर काहीही घसरत नेता येतं, अशी त्याची समजूत आहे. मी सगळ्यांना अट घातली होती की पाच वर्षं या रचना दुसऱ्या कुणी वाजवायच्या नाहीत. एकाने ती साफ नाकारली. एक छोटी कंपनी अल्बम काढायला तयार आहे, पण माझ्याकडूनच चार हजार पाउंड मागते. ही फसवणूक आहे का? आणि आई दर रविवारी फोनवर विचारते, ‘अगं, पण हे ऐकणार कोण?’

– ट्रॉम्बोनवाली, मँचेस्टर

उत्तर

पहिलं काम म्हणजे नोव्हेंबरच्या तारखा पुढे ढकला. बाकीचं त्यानंतर वाचलंत तरी चालेल.

पाचातल्या दोन रचना अजून कागदावर उतरलेल्या नाहीत. एक जमत नाही, एक दुरुस्तीला परत जाणार. उरली एक. तीही लोकांसमोर वाजवल्याचा पत्रात उल्लेख नाही, म्हणजे वाजवली नसावी. नवी चप्पल घालून कुणी वारीला निघत नाही, आणि तुम्ही तर अशा पाच रचना घेऊन निघाला आहात. ध्वनिमुद्रण झाल्यावर मैफली करू, असा तुमचा बेत दिसतो. तो उलटा करा.

सरावाच्या खोलीत बसवलेली रचना आणि समोर चाळीस माणसं बसली असताना वाजलेली रचना यांत फार फरक असतो. श्वास नेमका कुठे संपतो, कुठल्या विरामानंतर पियानोवादक घाई करतो, कुठला शेवट श्रोत्यांना शेवट वाटतच नाही आणि ते टाळ्या वाजवायच्या राहतात, हे मैफलीतच कळतं. संगीतकारालाही तिथेच कळतं. दुसऱ्या-तिसऱ्या प्रयोगानंतर तो आपणहून फोन करून म्हणतो, ते मधले आठ बार (स्वरलिपीतले मात्रांचे कप्पे) काढून टाकू या. हा फोन मुद्रणाआधी आला तर तुमची रचना सुधारते. नंतर आला तर जगात दोन आवृत्त्या फिरत राहतात आणि त्यातली कच्ची तुमच्या नावावर असते. प्रत्येक रचना निदान तीनदा तरी लोकांपुढे वाजू दे. तुमच्या भागात दुपारच्या मैफली भरवणाऱ्या चर्चना आणि कॉलेजांना तोटा नाही. तिकीट नसलेली मैफलही चालेल. आणि स्वरलिपीच्या प्रत्येक प्रतीच्या पहिल्या पानावर तारीख घाला. पियानोवर जूनची प्रत, तुमच्या स्टँडवर ऑगस्टची आणि निर्मात्याच्या हातात तिसरीच, असं झालं की सत्राचा पहिला तास बार मोजण्यात जातो.

आता पाच वर्षांच्या अटीबद्दल. ज्याने ती नाकारली तो बरोबर आहे, आणि नाकारून तो तुमचंच भलं करतोय.

संगीतकार हायडनने १७९६ साली व्हिएन्नाच्या अँटोन वायडिंगर या ट्रंपेटवादकासाठी कॉन्चेर्टो, म्हणजे एकल ट्रंपेट आणि ऑर्केस्ट्राची रचना, लिहिला. त्या काळच्या साध्या ट्रंपेटवर खालच्या पट्टीत सलग स्वर निघायचे नाहीत. वायडिंगरच्या ट्रंपेटला भोकं आणि त्यांवर चाव्या होत्या, म्हणून त्यावर ते निघत. त्याने १८०० साली तो कॉन्चेर्टो जाहीरपणे वाजवला, पुढे हुमेल या संगीतकाराकडूनही एक लिहून घेतला. पण चाव्यांचं ट्रंपेट वाजवणारे मोजकेच होते, आणि थोड्याच वर्षांत व्हॉल्व्हची ट्रंपेटं आल्यावर तेही उरले नाहीत. वादक गेला, वाद्य गेलं आणि त्यांच्याबरोबर रचनाही गेली. शतकभर हायडनच्या या कॉन्चेर्टोचं कुणी नाव काढलं नाही. विसाव्या शतकात तो पुन्हा वर आला. १९३०च्या दशकाच्या अखेरीस इंग्रज ट्रंपेटवादक जॉर्ज एस्कडेल यांनी त्यातल्या दोन भागांची तबकडी केली आणि तिथून तो सर्वांच्या कानांवर पडला. आज ऑडिशनला तो न वाजवलेला ट्रंपेटवाला शोधून सापडायचा नाही. एकाच माणसाच्या हातात राहिलेल्या रचनेचं काय होतं आणि मुद्रणाने काय होऊ शकतं, ही दोन्ही उत्तरं या एकाच गोष्टीत आहेत.

वायडिंगरने निदान मुद्दाम काही अडवलं नव्हतं. पॉल विटगेनस्टाइनने अडवलं. पहिल्या महायुद्धात या पियानोवादकाचा उजवा हात गेला. घरचा गडगंज असल्याने त्याने भल्याभल्या संगीतकारांकडून एकट्या डाव्या हातासाठी रचना लिहून घेतल्या. मात्र पैसे मी दिले तेव्हा रचना माझी, असा त्याचा खाक्या. संगीतकार हिंडेमिथने १९२३ साली दिलेली रचना त्याला पटली नाही. त्याने ती वाजवली नाही आणि दुसऱ्या कुणाला वाजवूही दिली नाही. त्याची पत्नी वारल्यावर कागदपत्रांत त्या रचनेची प्रत सापडली आणि २००४ साली ती पहिल्यांदा वाजली. हिंडेमिथला जाऊन तेव्हा चाळीस वर्षं होऊन गेली होती.

याच्या उलट काय घडतं ते तुमच्या शेजारीच पाहा. इंग्लंडच्या ब्रास बँडांच्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी १९२८ साली होल्स्टकडून ‘मूरसाइड सूट’ आणि १९३० साली एल्गारकडून ‘सेव्हर्न सूट’ लिहून घेतला गेला. स्पर्धेची रचना म्हटल्यावर ती बसवण्यावाचून बँडांना गत्यंतर नव्हतं. खाणकामगारांच्या आणि गिरण्यांच्या बँडांनी त्या घोटल्या आणि आजही त्या बँडखोल्यांतून ऐकू येतात. पुढे यॉर्कशायरच्या ग्राइमथॉर्प कोलिअरी बँडने, म्हणजे खाणीवरच्याच माणसांनी, संचालक एल्गार हॉवर्थ यांच्या पुढाकाराने बर्टविसल आणि हेन्झ या संगीतकारांकडून रचना घेतल्या. त्या सोप्याही नव्हत्या आणि गोडही नव्हत्या. तुमच्या वाद्याचंच उदाहरण हवं तर संगीतकार बेरिओने १९६६ साली स्टुअर्ट डेम्पस्टर या ट्रॉम्बोनवादकासाठी लिहिलेली ‘सेक्वेन्झा ५’ घ्या. डेम्पस्टरने ती स्वतःपुरती ठेवली असती तर आज तुम्ही कॉलेजात ती वाजवली असतीत का?

तेव्हा अट अशी ठेवा : ब्रिटनमधला पहिला प्रयोग तुमचा आणि पहिलं मुद्रणही तुमचं. ही मक्तेदारी अल्बम येईपर्यंत किंवा रचना हातात आल्यापासून दीड वर्षापर्यंत, जे आधी होईल तेवढीच. पुढे ज्याला वाजवायची त्याने खुशाल वाजवावी. तुमच्या मुद्रणावरून शिकून कुणी ब्राझीलमध्ये किंवा जपानमध्ये ती वाजवली तर तुमचं काम झालं. यायच्या असलेल्या दोन रचनांसाठी आणखी एक गोष्ट करून पाहा. वेगवेगळ्या देशांतले चार-पाच ट्रॉम्बोनवादक मिळून मानधन वाटून घ्या, प्रत्येकाला आपापल्या देशातला पहिला प्रयोग. अमेरिकेतल्या वाद्यवृंदांत ही पद्धत चांगली रुळलेली आहे. तुमचा खर्च पाचव्या हिश्शावर येतो, आणि अल्बम निघण्याआधीच रचनेला पाच घरं मिळालेली असतात.

एक गैरसमज इथेच दूर करते. मानधन दिल्याने रचनेचा कॉपीराइट तुमच्याकडे येत नाही. तो संगीतकाराकडेच राहतो. पैसे देऊन तुम्ही रचना लिहून घेतली, विकत घेतली नाही. म्हणून पहिल्या मुद्रणाला त्याची लेखी संमती हवीच, मग तो कितीही जवळचा असो. अमेरिकेत तर एखादी रचना एकदा संमतीने मुद्रित होऊन बाजारात आली की पुढे कुणालाही ठरलेली रॉयल्टी भरून ती मुद्रित करता येते, पण पहिल्या वेळेला संगीतकाराचा होकार लागतो, असा कायदाच आहे. ब्रिटनमध्ये संगीतकार एमसीपीएसचा (संगीतकारांच्या वतीने मुद्रणाचे परवाने देणारी संस्था) सभासद असेल तर मुद्रणाचा परवाना तिथून घ्यावा लागेल. कुणाची रचना प्रकाशकाकडे गेली असेल तर प्रकाशकालाही विचारा. हे सगळं दोन पानांच्या करारात मावतं : लांबी, मुदत, मानधनाचे दोन हप्ते, दुरुस्त्या किती आणि कधीपर्यंत, पहिल्या मुद्रणाची संमती. आणि अल्बममध्ये रचना घेण्याची हमी मी देत नाही, हे एक वाक्य.

ते वाक्य मित्राच्या बाबतीत असतं तर तुम्हाला हे पत्रच लिहावं लागलं नसतं. असो.

त्याच्या रचनेत दोन प्रश्न एकमेकांत मिसळलेत. वाजवणं जड जातं, हा वाद्याचा प्रश्न आणि तो सुटतो. पितळी वाद्य कधी ओठाला न लावलेला संगीतकार व्हायोलिनसाठी लिहावं तसं लिहितो. ओठ हा स्नायू आहे, त्याला रक्त पोचायला मधेमधे उसंत लागते, हे त्याच्या गावी नसतं. पाण्याचं तर कुणालाच सुचत नाही. श्वासातली वाफ नळीत थंड होऊन पाणी साचतं. ते झडप उघडून काढायला दोन-तीन ठोके मोकळे लागतात. नाही मिळाले तर नेमक्या हळुवार स्वरात गुळगुळ सुरू होते, आणि ती माइकला स्वराच्या आधी ऐकू जाते. त्याला घरी बोलवा, साडेतीन मिनिटं त्याच्यासमोर वाजवा. मग ट्रॉम्बोन त्याच्या हातात द्या, कप म्यूट खुर्चीशेजारी जमिनीवर ठेवा आणि तो उचलून एका ठोक्यात, आवाज न करता, ट्रॉम्बोनच्या रुंद तोंडात बसवायला सांगा. पुढची चर्चा करावी लागणार नाही.

आवडली नाही, याला मात्र इलाज नाही. दुरुस्त्यांनंतरही मन लागलं नाही तर मानधन पूर्ण द्या, कबूल केल्याप्रमाणे एकदा मैफलीत मनापासून वाजवा आणि अल्बममधून वगळा. हे त्याला तुमच्या तोंडून कळू दे, मुखपृष्ठ पाहून नको. रागावेल, चार महिने बोलणार नाही. पण न आवडलेली रचना तुम्ही भिडेखातर मुद्रित केलीत तर ती कशी वाजली आहे ते त्याला पहिल्या मिनिटात ओळखू येईल, आणि ते त्याला जास्त लागेल.

आता यमन. इतर वाचकांसाठी थोडं सांगते. ट्रॉम्बोनला पडदे नसतात, नळी मागेपुढे सरकते, म्हणून मींड त्याची जन्मजात, असं वाटतं. पण त्या नळीला सात जागा आहेत. पहिलीपासून (नळी पूर्ण आत) सातवीपर्यंत (पूर्ण बाहेर) अंतर किती, तर सहा अर्धस्वर. म्हणजे अगदी टोकापासून टोकापर्यंत गेलात तरी षड्जापासून तीव्र मध्यमापर्यंत पोचता. पंचम एका अर्धस्वराने हुकतो. त्याच्यासाठी ओठांनी वरच्या हार्मोनिकवर, म्हणजे नळी न हलवता ओठांच्या ताणाने निघणाऱ्या वरच्या स्वरावर, उडी मारावी लागते आणि तिथे मींड तुटते. बरं, तीव्र मध्यमापर्यंत जायचं तरी षड्ज बरोबर सातव्या जागेवर, हात पूर्ण लांब करून धरायला हवा. तो पहिल्या जागेवर असेल तर त्याच हार्मोनिकवर वर जायला वावच नाही. वाद्याच्या पट्टीप्रमाणे हे फक्त काही ठरावीक स्वरांवरच जुळतं. तुमच्या संगीतकाराला यमन ठाऊक नसेल, पण सहापर्यंत मोजता येत असेल. त्याला हा तक्ता काढून द्या. मींड कुठून कुठे शक्य आहे हे कळलं की तो कदाचित जास्त चांगलं लिहील. तीव्र मध्यमावर पोचून पंचमाच्या उंबरठ्यावर अडलेली मींड यमनमध्ये वाईट दिसणार नाही.

पण माझी शंका वेगळी आहे. ‘तू भारतीय’ म्हणजे तंबोरा, आलाप, डोळे मिटलेली माणसं, हे त्याला कुणी सांगितलं? तुमच्या गावाशेजारी मिरजेत अब्दुल करीम खाँ राहिले हे खरं आणि तंबोरेही तिथलेच नावाजलेले. पण तुमच्या घरात तंबोरा नव्हता. युफोनियम होतं, बहुधा मेरठच्या जाळी कोठीत घडलेलं, देशभरच्या बँडवाल्यांची बहुतेक वाद्यं तिथूनच येतात. क्लॅरिनेटने किंवा ट्रंपेटने गाणं उचलायचं, युफोनियमने खालून भरायचं, आणि लताबाईंची एखादी हरकत आली की व्हॉल्व्ह अर्धाच दाबून स्वर घसरवायचा. तुमच्या वडिलांनी हे वरातीत चालत चालत, डोळ्यांवर गॅसबत्तीचा झोत घेत, हजारदा केलं असेल. कोणत्याही कॉलेजात ते शिकवत नाहीत. हा बँड आपल्याकडे आला तो इंग्रजांच्या फौजेबरोबर. तुम्ही आज राहता त्या उत्तर इंग्लंडमध्ये त्याच जातकुळीचे बँड गावोगाव आहेत. सांगलीची वरात आणि लँकेशायरची बँडखोली या दोन्ही ठिकाणी वावरलेली वादक त्याला दुसरी कुठे मिळणार? वडिलांना फोनसमोर बसवून चार गाणी वाजवून घ्या, ती त्याला ऐकवा आणि विचारा, यावर काही सुचतं का. सुचलं तर उत्तम. नाही सुचलं तर ‘भारतीय’ रचना असलीच पाहिजे, असा दंडक कुणी घातलेला नाही.

तिथेच आणखी एक. हिंदी सिनेमाच्या सोनेरी काळातलं ट्रंपेट आणि ट्रॉम्बोन बहुतांशी गोव्याच्या वादकांचं, चर्चच्या शाळांत नोटेशन शिकून मुंबईला आलेल्यांचं. तबकड्यांवर त्यांची नावं क्वचितच छापली गेली. तुमच्या अल्बमच्या पुस्तिकेत पियानोवादकापासून ट्यूनरपर्यंत प्रत्येकाचं नाव असू दे. छपाईला त्याने जास्तीचा एक पैसा पडत नाही.

मुद्रणाचे तीन दिवस. तासभराच्या संगीताला तीन दिवस म्हणजे ताणूनताणून पुरतात, पण तुमच्या ओठांचा हिशेब आधी करा. व्हायोलिनवाला दुपारी चारला बारावा टेक देऊ शकतो. तुम्ही देऊ शकणार नाही, दिलात तर तो सुजलेल्या ओठांचा असेल. दिवसाला तीन-तीन तासांची दोन सत्रं आणि त्यातही प्रत्यक्ष फुंकणं निम्मा वेळ, याहून जास्त धरू नका. चढे आणि जोराचे भाग सकाळी, अंग गरम झाल्यावर लगेच. म्यूटचे आणि हळुवार भाग दुपारनंतर. प्रत्येक रचनेचे आधी दोन अखंड टेक घ्या, मग तुकड्यांकडे वळा. तुकड्यांनीच सुरुवात केली की सगळं बिनचूक येतं आणि गाणं मात्र कुठेच नसतं. टेक ऐकायला आत जाल तेव्हा ओठांना विश्रांती मिळेल, पण वाद्य थंड पडेल. ते बरोबर न्या, मधूनमधून त्यात नुसती ऊब फुंका.

थंडीचं एवढ्यासाठी सांगते की चर्चमधला हीटर आवाज करतो. मुद्रण सुरू झालं की तो बंद करावा लागतो, आणि नोव्हेंबरात तासाभरात दगडी भिंती गारठतात. हवा एका अंशाने थंड झाली की फुंकवाद्याचा स्वर हिशेबाने सुमारे तीन सेंट (अर्धस्वराचे शंभर सेंट) उतरतो. तुमच्या श्वासाने वाद्य गरम राहतं म्हणून प्रत्यक्षात कमी उतरतो, पण उतरतो. पियानोचं उलट, थंडीत तारा आवळतात आणि सूर किंचित चढतो. दोघं एकमेकांपासून लांब जाऊ लागतात. इतर जागांवर तुम्ही नळी जरा आत घेऊन सावराल, पण पहिल्या जागेवर नळी पूर्ण आतच असते, तिथे सरकायला जागा नाही. म्हणून ट्यूनिंग स्लाइड (सूर जुळवायची वेगळी नळी) नेहमीपेक्षा आत ठेवून सुरू करा आणि पियानो ट्यूनरला फक्त सकाळी नाही, जेवणानंतरही बोलवा. सकाळी दहाचा टेक आणि दुपारी तीनचा टेक जोडायला गेलं आणि सूर जुळला नाही, तर कुठलाच संकलक ते सफाईने लपवू शकत नाही. एप्रिल-मेमध्ये यातला निम्मा त्रास आपोआप टळेल. तेव्हा पक्षी ओरडतील, पण पक्षी थांबतात.

पैसे एकाच जास्तीच्या माणसाला देता येत असतील तर महागड्या माइकऐवजी निर्मात्याला द्या. निर्माता म्हणजे प्रत हातात घेऊन शेजारच्या खोलीत बसणारा, प्रत्येक टेकवर खुणा करणारा आणि ‘बार ४२ आपल्याकडे आहे, पुढे चला’ असं ठामपणे सांगणारा कान. ध्वनिमुद्रकाचं लक्ष काट्यांवर असतं, तुमचं ओठांवर. कुणाचं तरी संगीतावर हवं. माइकचं म्हणाल तर पितळेला रिबन माइक मानवतो, कर्कशपणा जरा उतरवतो. बीबीसीने आखलेला कोल्स ४०३८ अजून यासाठी वापरतात. पण ते ध्वनिमुद्रकावर सोडा. जायच्या आधी रिकाम्या चर्चची एक मिनिट शांतता मात्र मुद्रित करून घ्यायला सांगा. जोडकामात तीच उपयोगी पडते.

कंपनीचं थोडक्यात. छोट्या शास्त्रीय कंपन्या कलाकाराकडून पैसे घेतात किंवा तयार मास्टर (अंतिम ध्वनिमुद्रण) मागतात. हा सर्रास रिवाज आहे, एवढ्यावरून फसवणूक म्हणता येत नाही. चार हजारांत काय काय येतं, ते मात्र लेखी मागा. मास्टरची मालकी कुणाची? ती तुमचीच राहिली पाहिजे, कंपनीला ठरावीक वर्षांचा परवाना द्या. सीडी किती आणि तुम्हाला कोणत्या दराने? समीक्षकांना आणि रेडिओला प्रती कोण पाठवणार? हिशेब वर्षातून कितीदा? यातल्या दोन प्रश्नांना गोलमोल उत्तर आलं तर स्वतःच काढा, आज ते अवघड नाही.

स्ट्रीमिंगवर घर चालेल अशी आशा धरू नका. स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकलं की एक ऐकणं मोजतात. वीस मिनिटांचा भाग आणि दोन मिनिटांचं गाणं, भाव एकच. २०२४पासून तर वर्षभरात हजारदा न ऐकल्या गेलेल्या ट्रॅकला मुद्रणाचे पैसे मिळतच नाहीत. म्हणून बहुखंडी रचनेचा प्रत्येक भाग वेगळा ट्रॅक करा, प्रत्येकाला आयएसआरसी हा मुद्रणाची ओळख पटवणारा क्रमांक घ्या आणि संगीतकाराचं नाव योग्य रकान्यात आहे ना ते स्वतः तपासा. पीपीएल या वादकांचे प्रसारणाचे पैसे गोळा करणाऱ्या संस्थेत वादक म्हणून नोंदणी करा. बीबीसीच्या रेडिओ ३वर एकदा वाजलं तरी तुमचा हिस्सा तिथून येतो, संगीतकाराचा पीआरएस या संगीतकारांच्या संस्थेकडून. आणि मैफलीनंतर टेबल मांडून सीडी विकायला लाजू नका. या प्रकारच्या संगीताची खरी विक्री तिथेच होते.

आईंना खरं तेच सांगा. फार लोक ऐकणार नाहीत. ऐकतील ते ट्रॉम्बोन वाजवणारे, त्यांचे शिक्षक, नवं काही शोधणारे पियानोवादक आणि पुढच्या वर्षी कुणाला बोलवावं या विचारात असलेले महोत्सवांचे आयोजक. स्वीडनच्या ख्रिश्चन लिंडबेर्ग या ट्रॉम्बोनवादकासाठी यान सँडस्ट्रॉमने ट्रॉम्बोनमधून मोटरसायकल पळवणारा कॉन्चेर्टो लिहिला, तेव्हा तोही आधी अशाच माणसांनी ऐकला. लिंडबेर्गने ट्रॉम्बोन हातात घेतला तोच सतराव्या वर्षी. पुढे ऑर्केस्ट्रातली नोकरी लवकरच सोडून एकल वादनावर त्याने कारकीर्द उभी केली, आणि हे जमलं त्याचं मोठं कारण म्हणजे त्याच्यासाठी लिहिल्या गेलेल्या रचना. पण आईंच्या प्रश्नाखाली दुसरा प्रश्न दडलाय असं मला वाटतं : पैसे कुठून आणलेस? पत्रात तुम्ही त्याबद्दल काही लिहिलेलं नाही. घराच्या अनामतीसाठी साठवलेल्या पैशाला हात लावला असेल तर पाचाऐवजी तीन रचनांचा छोटा अल्बम काढा. अर्ध्या तासाच्या अल्बमला आता कुणी नाक मुरडत नाही. वॉन विल्यम्स फाउंडेशन आणि पीआरएस फाउंडेशन यांच्या अनुदानांच्या अटी आणि मुदती आधी बघा. तारखा पुढे ढकलल्यात की अर्ज करायला वेळही मिळेल.

चर्चला उद्याच फोन करा. अनामत एप्रिलच्या तारखांवर वळवून मागा, दोन महिने आधी सांगितलं तर सहसा नाही म्हणत नाहीत. नाहीच ऐकलं तर नोव्हेंबरमधला एक दिवस ठेवा, तयार असलेली एकच रचना घ्या, हीटर बंद करून सकाळ आणि दुपार अशी दोनदा मुद्रित करा आणि दोन्ही टेक एकापाठोपाठ ऐका. निर्मात्याला त्या दिवशी बोलवायची गरज नाही, पियानो ट्यूनरला मात्र बोलवा.